हौदातला लव्हाळा

आमच्याकडे पाऊस येतो तो परत जाताना. जूनमध्ये बाकीचे लोक छत्र्या झटकत असतात तेव्हा आम्ही सोलापूरकर वर बघून 'आज भरून आलंय' एवढं म्हणतो आणि पंखा एकाने वाढवतो. खरा पाऊस गणपती उठल्यावर. दुपारभर उकडून काढतो, चारच्या सुमाराला अक्कलकोटच्या बाजूने काळं चढायला लागतं आणि तासाभरात रस्त्याचं तळं होतं. त्यानंतरची संध्याकाळ मात्र एवढी स्वच्छ असते की वर्षभराचं ऊन माफ करावंसं वाटतं. गावाकडे ज्वारीच्या पेरणीची धांदल उडते. आमच्या कॉलनीत ओले कपडे गच्चीवरून खाली आणि खालून पुन्हा गच्चीवर जात राहतात.

यंदाही तो तसाच आला आणि मागच्या हौदातल्या लव्हाळ्याला तुरे फुटले. तांब्याचं भांडं घासायचं राहून गेलं की जो रंग चढतो, त्या रंगाचे. लव्हाळा कमरेच्या वर गेला आहे. संध्याकाळी एक लाल चतुर येऊन रोज त्याच एका पातीच्या टोकावर बसतो, उठतो, पुन्हा तिथेच बसतो. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसतो आणि दोघांकडे बघतो. या दिवसांत माझं मन आपोआप चार वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात जातं. तिथे जायला मला फारसं आवडत नाही, पण जातं खरं.

लव्हाळा कुणी घरात लावतं का, हा प्रश्न मला आजवर बहुतेक सगळ्यांनी विचारून झाला आहे. शेजारच्या अक्का तेलुगू. त्यांच्या घरी दोन पिढ्या माग होते. त्या कंपाउंडवरून डोकावून म्हणाल्या होत्या, "भाऊ, मोगरा लावा, जास्वंद लावा. पूजेला तरी होईल. हे गवत कशाला वाढवताय?" मी त्यांना सांगितलं की हे गवत नाही. खोड बोटांत धरून फिरवून बघा, गवताचं गोल लागतं, याला तीन कडा लागतात. अक्कांनी फिरवून बघितलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "तीन कडांचं गवत." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे मला तेव्हाच कळलं.

त्यातून हे पाणथळीचं झाड. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, जिथे पाण्याचा दिवस लक्षात ठेवून लोक पाहुण्यांना बोलावतात, तिथे पाण्यात पाय सोडून बसणारं झाड लावायचं म्हणजे डोकं ठिकाणावर आहे का, असं कुणालाही वाटेल. सुजाताला, माझ्या बायकोला, वाटलंच होतं. पण मूळ तक्रार तिचीच. आमच्या न्हाणीचं पाणी घरामागच्या खड्ड्यात जायचं आणि तिथे साबणाचा काळा गाळ साचून घाण वास यायचा. "कारखान्यात लोकांचं पाणी शुद्ध करता," ती एकदा म्हणाली, "आणि घरामागे बघा जरा."

खरं होतं ते. मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सांडपाणी साफ करण्याच्या विभागात आहे. टाक्या, पंप, नमुन्याच्या बाटल्या यांत माझी वीस वर्षं गेली. सगळी यंत्रं ओलांडून पाणी शेवटी एका उथळ तळ्यात येतं. त्या तळ्याच्या काठाला लव्हाळा आपणहून उगवला आहे. कुणी लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही. शेतातला लव्हाळा वीतभर, हा त्याचाच थोरला भाऊ, तळ्याओढ्यांच्या काठाला राहणारा. त्याच्या मुळांमधून जे पाणी पलीकडे झिरपतं ते अलीकडच्यापेक्षा नितळ असतं, हे मी बाटलीत धरून कितीदा बघितलं होतं. डोळ्यांसमोर उत्तर असून मला ते सुचायला बायकोची बोलणी खावी लागली.

मग एका रविवारी जुना सिमेंटचा हौद रिकामा केला. तळाला मोठी खडी, वर बारीक, त्याच्यावर वाळू. एका बाजूने न्हाणीचा पाइप आत, दुसऱ्या बाजूने एक नळी बाहेर, पपईच्या आळ्यात. तळ्याकाठचा एक गड्डा विचारून उपटला आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून मोटरसायकलला अडकवून आणला. गेटवरच्या वॉचमनने पिशवी उघडायला लावली, आत चिखल बघितला आणि लगेच बंद केली. पहिल्या आठवड्यात पाती पिवळ्या पडल्या. तिसऱ्या आठवड्यात मधून हिरवा कोंब आला. दोन महिन्यांत वास गेला. पुढच्या उन्हाळ्यात पपई धरली आणि अक्कांनी ती खाऊनही बघितली.

मला त्या हौदाचा फार अभिमान होता. एवढा, की घरी कुणी आलं की मी चहाच्या आधी त्यांना मागे नेत असे.

आई आली ती त्या पावसाळ्याच्या तोंडावर. ती मैंदर्गीजवळच्या आमच्या गावी एकटी राहायची, आणि तिला ते आवडायचं. पण एका सकाळी न्हाणीत पाय घसरला आणि शेजारीण ताक मागायला येईपर्यंत ती तिथेच पडून होती. हाड मोडलं नव्हतं, एवढंच नशीब. मी जाऊन तिला घेऊन आलो. तिच्या सामानात दोन पातळं, विहारात जायचं पांढरं पातळ, चष्मा आणि फडक्यात गुंडाळलेलं खुरपं होतं. खुरपं बघून सुजाता हसली, तर आई म्हणाली, "असू दे की. काय खायाला मागतंय का त्ये?"

दुसऱ्या दिवशी मी तिला हौद दाखवायला नेलं. ती जरा वेळ बघत राहिली. तिच्या गावाकडे कानडी-मराठी एकातच चालतं. लव्हाळ्याला बायका जेकू म्हणतात.

"ह्यो जेकूच की," ती म्हणाली.

"हो. पण हा पाण्यातला."

"इकत आनलास?"

"नाही गं. कारखान्यातून."

"आन् लावलास? आपल्या हातानं?"

मी पाणी कसं साफ होतं ते समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिचं लक्ष पाण्याकडे नव्हतं. ती वाकून बुंध्याशी बघत होती.

तिला नवल वाटणारच. माझ्या आईने सगळा जन्म लोकांच्या रानात खुरपलं. आम्हांला जमीन नव्हती. बायका एका ओळीत बसायच्या, एकेकीच्या वाट्याला एकेक पात, म्हणजे रानाचा एकेक पट्टा, यायची, आणि उकिडव्या बसूनच त्या बांधापासून बांधापर्यंत सरकायच्या. काळ्या रानात लव्हाळ्याइतका चिवट शत्रू नाही. हरळी परवडली. वरून उपटला तर तुटतो आणि खाली काळी गाठ राहते, त्या गाठीतून आठ दिवसांत पुन्हा टोक वर येतं. त्या गाठींना एक वास असतो, कापराचा आणि ओल्या मातीचा मिळून. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा घालतात, तोच हा. लोक वर्षातून एक दिवस अंगाला लावतात तो वास आमच्या घरात भाद्रपदभर असायचा. आईच्या हाताला, तिच्या पदराला, आणि मला वाटायचं, भाकरीलाही. शाळेत मुलं भाकरीला वास येतो म्हणायची तेव्हा मी डबा झाकून खायचो. आज तो वास कुठे आला तर मी थांबतो.

शहरात आईच्या हातांना काही काम उरलं नाही. सुजाता अंगणवाडीत जाते, जाण्याआधी स्वयंपाक उरकून टाकते. आईला गॅसची भीती वाटायची. टीव्ही लावून दिला तर ती टीव्हीसमोर बसून दाराकडे बघायची. संध्याकाळी मात्र बरं होतं. वर्षावासाचे पावसाळी तीन महिने चालू होते, आमच्या वस्तीच्या विहारात रोज वाचन असायचं. ती पांढरं पातळ नेसून पुढच्या ओळीत बसायची. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ कसा जायचा? तिने आधी आमच्या दारातल्या फरश्यांच्या फटीतलं गवत काढलं. मग कंपाउंडच्या बाहेरचं. मग अक्कांच्या दारातलं, त्यांना न विचारता. अक्कांनी खूश होऊन तिला चहा पाजला. दोघींना एकमेकींचं निम्मं बोलणं कळत नव्हतं, तरी चहा तासभर चालला.

मला हे सगळं दिसत होतं आणि मी हसत होतो. पुढे काय होणार ते दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही.

भाद्रपदात एके दिवशी पहिल्या पाळीवरून मी चारच्या सुमाराला घरी आलो. ढग भरून आले होते. मागच्या दाराशी आई उभी होती, कपाळावर घाम, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात कोपरापर्यंत चिखलाचे. कित्येक दिवसांत मी तिचा चेहरा एवढा उजळलेला बघितला नव्हता. तिच्या मागे हौद रिकामा होता. नुसता उपटलेला नव्हे. खडी धुऊन एका बाजूला, वाळू दुसऱ्या बाजूला, पाती पेंढी बांधून भिंतीला टेकवलेल्या. आणि गाठी फरशीवर दिवसभराच्या उन्हात पसरलेल्या, एकेक वेगळी, वाळून मरावी अशी.

"झालं बग," ती म्हणाली. "सकाळपासनं बसलेली. लई माजला हुता."

मी काय बोललो ते मला अक्षरशः आठवतं. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "कुणी सांगितलं होतं तुला? जन्मभर लोकांच्या रानात हेच केलंस, माझं घर तरी सोडायचंस."

तिने माझ्याकडे बघितलं. मग हातांकडे बघितलं. बाहेरच्या नळाला पाणी नव्हतं, पाण्याचा दिवस दुसऱ्या दिवशी होता, म्हणून तिने बादलीत तळाशी उरलेल्या पाण्यात हात बुडवले आणि आत गेली. मी तसाच उभा. पाऊस आला तेव्हा मी गाठींवर काही झाकायलाही गेलो नाही. रागात माणूस किती मूर्ख होतो ते तेव्हा त्याला कळत नाही, हीच अडचण आहे.

त्या दिवसापासून आई मागच्या दाराकडे फिरकली नाही. खुरपं पुन्हा फडक्यात गेलं. मी काही विचारलं की "व्हय" किंवा "न्हाय" एवढंच. सुजाता आईला आत्या म्हणते. चार दिवसांनी ती म्हणाली, "आत्या जायचं म्हणताहेत. वर्षावास संपला की, अश्विन पौर्णिमेला."

"कुठे जायचं?"

"कुठे म्हणजे? गावी."

"तिथे एकटीला पुन्हा पाय घसरला तर?"

"ते मला काय सांगता," सुजाता म्हणाली. "गवतासाठी एवढं बोलतात का कुणी? त्यांना सांगा."

मी सांगितलं नाही. माझ्या मनात एक सोपी युक्ती होती. लव्हाळा मरत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. कितीही काढला तरी कुठे ना कुठे एक गाठ राहते. मी खडी-वाळू पुन्हा हौदात भरली, न्हाणीचं पाणी सोडलं आणि वाट बघत बसलो. कोंब वर आला की आईला हाक मारायची आणि म्हणायचं, बघ, काही बिघडलं नाही. म्हणजे चूक कबूल न करता सगळं पहिल्यासारखं. आम्हां पुरुषांना माफी मागण्यापेक्षा गवत उगवण्याची वाट बघणं सोपं वाटतं.

रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी हौदात वाकून बघायचो. आठवडा गेला. दोन गेले. पाऊस रोज संध्याकाळी येत होता, साऱ्या कॉलनीत जिथे माती दिसेल तिथे हिरवं उगवत होतं, अक्कांच्या दारात तर नव्याने. हौदाची वाळू तेवढी कोरी. वास परत यायला लागला. वाळवायला ठेवलेल्या गाठींतल्या काही मी पुरून बघितल्या, त्या कुजल्या. आणि विहारातून परत येताना आई रोज एखाद्या बाईशी फाटकात उभी राहून निरोप घेतल्यासारखी बोलायची. मला खिडकीतून ते ऐकू यायचं. एकीला ती म्हणाली, "पोराचं घर चांगलं हाय. पन आपुन कितीबी केलं तरी आपलं काम न्हाय पटत की शहरात." तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी सुट्टी काढली. ती पलंगावर बसून पिशवी भरत होती. मी समोर खाली बसलो. बोलायचं होतं एक आणि विचारलं भलतंच.

"आई, एक सांग. रानात तुम्ही लव्हाळा काढायचात तो दरसाल परत यायचा. इथे महिना होत आला, एक कोंब नाही."

"कसा यील? समद्या गाठी काडल्या की."

"मग रानात?"

तिने दाराकडे बघितलं. सुजाता अंगणवाडीत गेली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. तरी तिचा आवाज खाली आला, जणू मालक अजून बांधावर उभा होता.

"तितं कोन काडतंय तळची गाठ? वरची मान मोडायची, येक गाठ हातात घ्यायाची, दाखवायाला. खालची मातीत ठिवायची. समद्या बाया तसंच करायच्या. रान साफ झालं तर फुडल्या साली आमाला कोन बोलावनार?"

लहानपणी मला वाटायचं की लव्हाळा माझ्या आईपेक्षा चिवट आहे. ती दरसाल त्याच रानात जाते आणि दरसाल हरते. मला तिची कीव यायची, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही यायचा. तिनेच तो जपून ठेवला होता हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. ती नजर चुकवून मातीत गाठ ठेवत होती तेव्हा त्या गाठीबरोबर आमची पुढच्या वर्षाची चूल ठेवत होती.

"खोटं काम केलं म्हनशील," ती म्हणाली. "पोट हुतं. पन मनाला लागायचं. येकदा तरी समदं काडावं, तळापातूर, असं लई वाटायचं. हातात ती कला हाय आन् कुनाला दावायची न्हाय." तिने पिशवी जवळ ओढली. "हितं म्हनलं, पोराचं घर हाय. हितं कुनाची भीती. येक गाठ ठिवली न्हाय बग."

मला आठवली ती धुतलेली खडी, वेगळी केलेली वाळू, फरशीवर एकेक करून मांडलेल्या गाठी. आयुष्यात एकदाच तिने आपलं काम जसं करायला हवं तसं पूर्ण करून दाखवलं. ते तिने मला दाखवलं होतं, आणि मी काय बोललो ते वर लिहिलंच आहे.

"चुकलं माझं, आई," मी म्हणालो. महिनाभर अडकलेलं वाक्य एवढंसंच होतं.

ती काही वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "कारखान्यात हाय न्हवं अजून त्यो?"

"तळंभर आहे."

"मग दुसरा आन. लावू. माजला की मी काडीन." आणि जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "पन ह्या बारीला तळची गाठ ठिवीन. फुडल्या सालीबी बोलावशील की मला."

मग तिने पांढरं पातळ पिशवीतून बाहेर काढलं आणि घडी मोडू न देता माझ्या हातात दिलं, कपाटात ठेवायला.